कंपनीचं भांडं

बसवप्रभूचं एक वागणं गुरुबाईंना अजिबात पटत नसे. विकताना हा मुलगा इतका गोड, की दोन्ही हातांनी वस्तू पुढं करणार, वर चहा पाजणार, "आत्या, नुसतं बटन दाबा, घर कसं उजळतंय बगा" म्हणणार. आणि तीच वस्तू बिघडून परत दारात आली, की याची मान जी मोबाईलमध्ये जायची, ती गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत वर यायची नाही. देताना दोन हात आणि घेताना एकही नाही, हे कुठल्या शाळेत शिकवतात, असं गुरुबाई विचारत. स्वतः त्या दुसरीतून घरी बसल्या होत्या, त्यामुळं बाकीच्या शाळांचा त्यांना फार संशय असे.

बसवप्रभू त्यांचा सख्खा भाचा. हुमनाबादेत बसस्टँडच्या मागं त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. खाली दुकान, वर घर, आणि दोन्हींना मिळून एकच दार, एकच उंबरा. हा उंबरा ध्यानात ठेवा, पुढं त्यानं फार तरास दिला.

दिवाळीच्या आधी हाच भाचा दुबलगुंडीला आत्याच्या घरी आला. घरातल्या जुन्या ट्यूबा आणि जिलबीसारखे वळणावळणाचे बल्ब त्यानं उतरवले, नवे एलईडी लावले, जेवला, सुपारी खाल्ली आणि गेला. उतरवलेला माल मात्र ओसरीच्या कोपऱ्यात उभा करून गेला. तेव्हापासून त्या ट्यूबा भिंतीला टेकून उभ्या. रुसलेल्या पाहुण्यांसारख्या, बोलत नाहीत आणि जातही नाहीत.

गुरुबाईंनी त्या आधी पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत द्यायला काढल्या. गाडी कन्नड गाणं वाजवत दारात थांबली. गाडीवाल्यानं ट्यूब बघितली आणि गाणं बंद केलं.

"अव्वा, ह्यात पारा असतंय. फुटलं की विषार. हे आमच्या गाडीत चालत न्हाई."

मग भंगारवाल्याला बोलावलं. कुलूप नसलेल्या दारापासून दार नसलेल्या कुलपापर्यंत सगळं घेणारा हा माणूस. पण ट्यूब दिसताच तो सायकलवर बसला. "अम्मा, ये नक्को. रस्ते में फूटा तो मेरेकू परेशानी."

म्हणजे ज्या वस्तूला भंगारवालासुद्धा हात लावत नाही, ती वस्तू गुरुबाईंच्या ओसरीत, देवघराच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. अपमान म्हणतात तो हाच.

सून मंजुश्री अंगणवाडीत शिकवायची, वाचायची तिला सवय. एके दिवशी तिनं नव्या दिव्याचं खोकं फेकायला काढलं, तेव्हा गुरुबाईंनी ते हातातून घेतलं. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, पण चित्राशी जमतं. खोक्यावर चाकं असलेला एक कचऱ्याचा डबा काढला होता आणि त्याच्यावर मोठी फुली मारली होती.

"डब्यात टाकायचं न्हाई, एवढं कळलं," त्या म्हणाल्या. "मग कुठं टाकायचं, त्याचं चित्र कामून काढलं न्हाई?"

मंजुश्रीनं बारीक अक्षरं वाचली, मग मोबाईलवर आणखी काही वाचलं. "अव्वा, कायदाच हाय. ज्यानं वस्तू बनवली त्यानंच ती जुनी झाल्यावर परत न्यायची. कंपनीवर जिम्मेदारी हाय."

गुरुबाई पाटावर नीट मांडी घालून बसल्या. आजवर त्यांना कळलेल्या कायद्यांपैकी हा पहिलाच, जो ऐकताक्षणी बरोबर वाटला.

"हा कायदा कुण्या तरी बाईनं केला असणार," त्या म्हणाल्या. "पसारा करणाऱ्यानंच आवरावं, हे गड्याच्या डोक्यात येतंय व्हय?"

पलीकडं सिद्धप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, पेपर वाचत होते. त्यांनी चहाची रिकामी कपबशी हळूच उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

दुसऱ्याच दिवशी गुरुबाईंनी ट्यूबा जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळल्या, जिलबीचे बल्ब पिशवीत घातले आणि हुमनाबादची बस धरली. बायकांना बस फुकट झाल्यापासून गुरुबाईंचं कुठलंही भांडण लांब राहिलेलं नव्हतं. कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडलं आणि मांडीवरच्या लांबलचक बोचक्याकडं बघत विचारलं, "हे लगेज हाय का माणूस?" शेजारच्या बाईनं तर लुगड्याचा पदर सारून बाळाचं तोंड बघायचा प्रयत्न केला, आणि आत ॲल्युमिनियमची टोपी बघून उरलेला सगळा रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

दुकानात गिऱ्हाईकं होती. गुरुबाईंना ते बरंच वाटलं.

"बसू, हे तुझं घे."

बसवप्रभूची मान मोबाईलमध्ये गेली. "आत्या, हे आमचं काम न्हाई. कायदा कंपनीला हाय, दुकानदाराला न्हाई."

"मग तुझ्या पाटीवर तुझ्या नावापेक्षा मोठं कंपनीचं नाव कामून हाय?"

"ते जाहिरात आत्या."

"म्हंजे मिरवायला कंपनी तुझी, आन निस्तरायला आली की कुणाची बी न्हाई."

एक गिऱ्हाईक हसलं. बसवप्रभूनं आवाज खाली आणला. "आत्या, कामून एवढं मनावर घ्यायलाव? ओढ्यात टाकून द्या की. कोण बगायलंय?"

"त्या ओढ्याचं पाणी माझी म्हैस पिती," गुरुबाई म्हणाल्या. "ती बगायली."

आणि मग चार लोकांसमोर त्यांच्या तोंडून ते निघालं. निघायला नको होतं, पण गुरुबाईंचं तोंड हे त्यांच्या आधी दोन पावलं चालायचं. "तुझी कंपनी हा माल माझ्या हातनं मान देऊन घेईपतोर ह्या उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवणार न्हाई. सांगून ठेवते."

असं म्हणून त्या ताठ मानेनं वळल्या. बोचकं मात्र वळलं नाही. ट्यूबा आडव्या दारात अडकल्या. शपथ घेऊन निघालेल्या बाईला एक पाऊल पुन्हा आत यावं लागलं, बोचकं उभं करावं लागलं आणि मग बाहेर जावं लागलं. हे पाऊल त्यांनी शपथेत धरलं नाही.

बस हलली आणि तेव्हा त्यांना बारसं आठवलं.

बसवप्रभूच्या घरी पहिली लेक झाली होती. अमावस्या उलटली की सोमवारी बारसं. बसवप्रभूला बहीण नाही, त्यामुळं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्या घरात गुरुबाईंचा. खुद्द बसवप्रभूच्या कानात "कुर्र" करून त्याचं नाव त्यांनीच सांगितलं होतं. आणि ह्या पोरीचं नाव त्यांनी ती पोटात होती तेव्हापासून ठरवलं होतं: गिरिजा. त्यांच्या आईचं नाव. आई गेली त्याला वर्षं लोटली, पण त्या नावानं कुणाला हाक मारावी असं माणूस घरात पुन्हा आलं नव्हतं.

आता त्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही म्हणजे पाळण्यापाशी जायचं नाही. आणि गुरुबाई नसल्या तर नाव कोण ठेवणार? बसवप्रभूची सासू, कलबुर्गीची सुभद्राबाई. तिनं सोनेरी चष्मा लावून मोबाईलवर नाव शोधूनही ठेवलं होतं. शनाया. ह्या नावाचा अर्थ काय, असं विचारलं तर ती म्हणायची, "मॉडर्न हाय."

घरी आल्यावर सगळं ऐकून सिद्धप्पा म्हणाले, "त्यात काय, उंबऱ्याबाहेर उभं राहून आरडून सांग नाव. तुझा आवाज पाळण्यापतोर जाईल."

त्या रात्री सिद्धप्पांना भाकरी मिळाली, पण शेंगाची चटणी मिळाली नाही.

शपथ मोडायची हा रस्ता गुरुबाईंसाठी नव्हताच. मग एकच उरला: कंपनीला आणायचं. मंजुश्रीनं खोक्यावरचा फुकटचा नंबर लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, तेलुगूसाठी तीन, इंग्लिशसाठी चार. मराठीला काही दाबायची सोय नव्हती. "आपल्याला कायम आपली जीभच दाबावी लागती," म्हणत गुरुबाईंनी दोन दाबायला लावलं. बराच वेळ सनई वाजली. मग एक पोरगी मधासारख्या आवाजात बोलू लागली.

"बेटी," गुरुबाई म्हणाल्या, "तुमारा सामान दिवाली से हमारे घर में खडा है. मेहमान भी इत्ता नै ठैरता. कब ले जाते?"

पोरगी भली होती. तिनं सांगितलं, कायदा खरा आहे, कंपनी माल नेते. पण चार-दोन ट्यूबांसाठी गाडी काढता येत नाही. एक ड्रम भरला पाहिजे. ड्रम आम्ही पाठवतो. गावातल्या बंद ट्यूबा, बल्ब, टॉर्चचे सेल, रिमोटचे सेल, सगळं त्यात गोळा करा, भरला की फोन करा.

"बारश्याच्या आत भरल?" मंजुश्रीनं फोन ठेवून विचारलं.

"भरल कसं न्हाई? ह्या गावात चालू वस्तूंपेक्षा बंद वस्तूच जास्त हायत."

ड्रम आला. निळाशार, गुरुबाईंच्या छातीएवढा, पोटावर तोच फुली मारलेला डबा. दारासमोरच्या कट्ट्यावर तो उभा केला आणि गल्लीतली सगळी कामं थांबली. कुणी म्हणालं पाण्याचा आहे, कुणी म्हणालं निवडणुकीचा आहे. भीमण्णा वीज खात्यात लाईनमन होता, आता पेन्शनीत. विजेची काठी हातातून गेल्यापासून तो सल्ल्यानंच करंट देत असे. त्यानं ड्रमला तीन प्रदक्षिणा घातल्या.

"अक्का, झाकण हाय म्हंजे आत गॅस धरणार. भोकं पाडा."

मंजुश्री म्हणाली, "भीमण्णा, भोकं पाडली तर पारा बाहीर येईल की."

"मग गच्च बंद करा, उघडूच नका."

"आन भरायचं कसं?"

"ते तुमी बगा," भीमण्णा म्हणाला. "मी फक्त धोका सांगितला."

दुसऱ्या दिवशी पंचायतीचे पीडीओ साहेब, म्हणजे विकास अधिकारी, आले. तक्रार कुणी केली ते त्यांनी सांगितलं नाही, पण बोलताना ते भीमण्णाकडं बघत होते. म्हणाले, धोकादायक वस्तूंचा साठा, तोही अर्धा पंचायतीच्या रस्त्यावर. परवानगी लागेल. अर्ज करा, कन्नडमध्ये. पुढच्या बैठकीत ठराव येईल.

"पुढली बैठक कवा?"

"मागची झाली की ठरंल."

गुरुबाईंनी खुर्ची मागवली, साहेबांना बसवलं, चहा दिला. "सायेब, तुमच्या गटारावर झाकण न्हाई, त्याला तुमची परवानगी लागली न्हाई. माझ्या ड्रमला झाकण हाय, तर ह्याला कामून लागती?"

साहेबांनी चहा संपवला. त्यांनी सुचवलं की ड्रम थोडा आत सरकवला, तर तो घराच्या हद्दीत येतो आणि मग प्रश्नच उरत नाही. सिद्धप्पांनी आणि मंजुश्रीनं ड्रम हातभर आत घेतला. संध्याकाळी पंचायतीचा शिपाई आला, आणि ऑफिसातल्या काळ्या पडलेल्या ट्यूबा गुपचूप ड्रमजवळ ठेवून गेला.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. गोंधळ सुरू झाला तो शेजारच्या निलम्मामुळं, आणि खरं तर गुरुबाईंच्या आईमुळं.

निलम्मानं टॉर्चचे दोन फुगलेले सेल आणले. हातात विषार कसा धरायचा म्हणून तिनं ते स्टीलच्या वाटीत घालून आणले. मंजुश्रीनं ते ड्रममधल्या वेगळ्या पिशवीत टाकले आणि वाटी परत द्यायला निघाली.

"थांब," गुरुबाई म्हणाल्या.

दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी आलं, तर ते रिकामं परत जात नाही. गिरिजाबाईंनी लेकीला लिहायला शिकवलं नव्हतं, पण हे शिकवलं होतं. काही नसलं तर साखरेची चिमूट घाल, पण भांड्याचा तळ कुणाला दिसू देऊ नको. पन्नासएक वर्षांच्या संसारात गुरुबाईंच्या दारातून एक पेला कोरडा गेला नव्हता. त्यांनी वाटी राखेनं खसाखसा घासली, विषाराचा विचार करून पुन्हा साबणानं धुतली, आणि तीत शेंगाची चटणी भरून दिली. वर दोन कडक भाकऱ्या.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं होतं की गुरुबाईअक्काकडं बंद सेल दिला की चटणी मिळते.

सकाळी रांग लागली. आणि गंमत अशी, की माल लहान होत चालला आणि भांडी मोठी. कालपर्यंत जे सेल वाटीत मावत होते, ते आज डब्यात आले, परवा कळशीत. एका काकूनं मनगटी घड्याळातला बटणाएवढा सेल दूध तापवायच्या पातेल्यात आणला. पातेल्यात तो दिसेना. गुरुबाईंनी चष्मा मागवला, सेल शोधला आणि मग त्या पातेल्याकडं थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"अव्वा, हिला वाटीभरच घाला," मंजुश्री कुजबुजली.

"पातेल्यात वाटीभर? तळाला लागल ते. उद्या बोलंल, गुरुबाईनं तळ दाखवला म्हणून."

शेंगांचं पोतं अर्ध्यावर आलं. मंजुश्रीचे हात कुटून कुटून भरून आले. चटणी संपली तेव्हा शेंगा पोळ्या सुरू झाल्या, आणि ती बातमी शेजारच्या गावात गेली. लोक सायकलवरून येऊ लागले. एका बाईनं नवऱ्याचा चालू मोबाईल आणून दिला. "चालू हाय की गं हा," मंजुश्री म्हणाली. बाई म्हणाली, "हाय. पण घातक हाय." मोबाईल परत दिला, पण भांड्यात आणला होता, त्यामुळं दोन पोळ्याही द्याव्या लागल्या. भीमण्णानं आपला बंद रेडिओ आणला, पोळी खाल्ली आणि मग रोज सकाळी रेडिओला भेटायला येऊ लागला. "ह्याच्यावर बिनाकाची गाणी ऐकलीयत अक्का," म्हणून तो ड्रमजवळ बसायचा. जाताना पोळी. शेवटी मंजुश्रीनं सेल काढून घेतले आणि रेडिओ त्याला परत देऊन टाकला.

रात्री जेवताना सिद्धप्पा म्हणाले, "ह्या विषारानं गावात कोण मरतंय का न्हाई ठावं न्हाई. आपलं पोतं मात्र मरायलंय."

गुरुबाईंनी नाक मुरडलं. पण मनात त्यांना आनंद होत होता, आणि तो लपवणं जड जात होतं. उकिरड्यावर, गोठ्यात, आडाच्या काठावर पडलेला माल एका ठिकाणी येत होता. ट्यूबा ड्रमात उसाच्या मोळीसारख्या उभ्या होत्या, खाली भुशाची गादी, कडेनं लुगड्याच्या चिंध्या. एकही फुटली नव्हती. ओढ्यावर म्हैस नेली की त्या पाण्याकडं जरा मालकिणीच्या नजरेनं बघत.

अमावस्येच्या आधी ड्रम काठोकाठ भरला. मंजुश्रीनं दोन दाबलं. मधाच्या आवाजाची पोरगी खूश झाली. म्हणाली, सोमवारी कलबुर्गीहून गाडी त्या बाजूला येतेय.

"पण मॅडम, गाडी गावात येत नाही. माल अधिकृत विक्रेत्याच्या दुकानातून उचलला जातो. डीलरची सही-शिक्का लागतो. तुमचे जवळचे डीलर आहेत… हुमनाबाद, बसवप्रभू इलेक्ट्रिकल्स."

सिद्धप्पांनी पेपर डोळ्यांसमोर धरला, पण तो थरथरत होता, आणि पेपरात हसण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे सोमवार तोच, दार तेच आणि उंबरा तोच.

गुरुबाईंनी उठून डाळ भिजत घातली, पाणी उपसलं आणि ट्रंकेतलं ठेवणीतलं इरकल बाहेर काढलं. "मंजुश्री, दूधवाल्याला सांग, सोमवारी टेम्पोत जागा ठेव म्हणून. पुढं माझी. मागं ह्याची." ह्याची म्हणजे ड्रमची. सिद्धप्पा बसनं येणार होते, त्यांचं तिकीट लागणार होतं.

सोमवारी बसवप्रभूच्या दारात मांडव होता. वरून पाळण्याला बांधलेल्या घुंगरांचा आवाज येत होता, केळीचे खांब, हळदीकुंकवाची गर्दी. त्या गर्दीत दुधाचा टेम्पो येऊन थांबला. पुढून जरीच्या काठात गुरुबाई उतरल्या, मागून निळा ड्रम. पाठोपाठ बस आली आणि शून्याच्या तिकिटावर दुबलगुंडीची निम्मी गल्ली उतरली. माल त्यांचाही होता.

गुरुबाईंनी उंबऱ्यापासून चार बोटं अंतर ठेवून खुर्ची मांडायला लावली आणि ड्रमशेजारी बसल्या. बसवप्रभू नव्या कोऱ्या शर्टात धावत आला.

"आत्या, आत चला. सगळे वाट बगायलेत."

"हे घे आदी."

"आज दुकान बंद हाय आत्या."

"तुझं दुकान बंद हाय. माझं तोंड उघडं हाय."

तेवढ्यात कंपनीची गाडीही आली. गाडीवाल्यानं ड्रमचं झाकण उघडलं आणि आत डोकावून बघत राहिला. म्हणाला, गावागावात जातो, लोक फुटका माल पोत्यात घालून देतात. ट्यूबा अशा नवरीसारख्या बसवलेल्या आजवर बघितल्या नाहीत. मग त्यानं बसवप्रभूपुढं कागद धरला. सही आणि शिक्का.

बसवप्रभूनं पेन घेतलं नाही. त्यानं आत्याजवळ खाली बसून हळू सांगितलं, "आत्या, समजून घ्या. आज सही केली की माझं दुकान कायमचं सेंटर होतंय. साऱ्या तालुक्याचा बंद माल माझ्या दारात येणार. मी धंदा करू का हे सांभाळू?"

"विकताना साऱ्या तालुक्याला विकलास का न्हाई?"

"विकलं की."

"मग?"

माडीच्या जिन्यावर सुभद्राबाई आल्या. डोळ्यावर सोनेरी चष्मा, हातात मोबाईल. "वेळ टळायलीय. बाळ रडायलंय. त्यांना यायचं नसंल तर राहू दे की. मी सांगते कानात नाव, काय त्यात एवढं."

वरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, बारीक, मांजरासारखं. चार बोटांवर उंबरा. एक पाऊल टाकलं की झालं. कुणी काही म्हणालं नसतं, सिद्धप्पांनीही नसतं. गुरुबाईंनी पाय उचलला नाही. त्या बोलल्या मात्र वेगळ्याच आवाजात, ज्यात कुणाला टोचायचं नव्हतं.

"बसू, हे कंपनीचं भांडं हाय. तुझ्या कंपनीचं. ते माझ्या घरी आलं. आईनं मला काय शिकवलं तुला ठावं हाय, तुझ्या डब्यात ती कवा चिमूट साखर घातल्याबिगर राहिली न्हाई. शाळेत जाताना रिकामा डबा बी ती तसा देत न्हवती. तर मी हे भांडं भरून आणलंय. भरलेलं भांडं दारातनं परत लावलेलं आपल्या घरात कुणी बगितलं न्हाई. आज लेकीच्या बारश्याला तू लावणार असशील, तर लाव. मी हितंच बसून बगते."

मोबाईल बसवप्रभूच्या खिशात होता, पण ह्या वेळी त्याची मान तिकडं गेली नाही. मग तो उठला, त्यानं सही केली, आत जाऊन शिक्का आणून मारला. आणि कुणी न सांगता, नव्या शर्टाची पर्वा न करता, त्यानं दोन्ही हातांनी ड्रमला मिठी मारली. तो एकट्यानं उचलण्यातला नव्हता. गाडीवाल्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं, भीमण्णानं धोका सांगितला, आणि ड्रम गाडीत चढला.

गुरुबाईंनी गाडीवाल्याला शेंगा पोळ्यांचा डबा दिला. त्यानं मागून एक नवा ड्रम काढून दुकानाच्या पायरीवर ठेवला. गुरुबाईंनी झाकण उचलून आत बघितलं.

"रिकामं?"

गाडीवाल्याला गल्लीतल्या बायकांनी एवढ्यात सगळं सांगितलं होतं. तो लाजला, गाडीत शोधाशोध केली आणि कंपनीचं एक कॅलेंडर त्या ड्रमात टाकलं. गुरुबाईंनी मान हलवली. मग पदर सावरला, उजवा पाय उचलला आणि उंबरा ओलांडला.

वर पाळण्याजवळ सुभद्राबाई बाजूला झाल्या. गुरुबाईंनी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि ते नाव हळूच सांगितलं. मागं बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. एक धपाटा सुभद्राबाईंचा होता, आणि तो जरा जास्तच जोरात होता. गुरुबाईंनी तो पचवला. बाळ रडायचं थांबलं होतं. गिरिजा म्हटल्यावर कोण रडेल.

जेवणं झाली. सुभद्राबाईंनी शेंगा पोळी दोनदा मागून घेतली आणि म्हणाल्या, घरात शनाया म्हणू, बाहेर गिरिजा. गुरुबाई म्हणाल्या, "म्हणा की," कारण पोट भरलेलं होतं, आणि हाक शेवटी कोण जास्त मारणार ते त्यांना ठाऊक होतं.

निघायच्या वेळी बसवप्रभू दारापर्यंत आला. पायरीवर निळा ड्रम बघून त्याचा चेहरा पुन्हा उतरला. मांडवातल्या पाहुण्यांपैकी दोघांनी एवढ्यात विचारलंही होतं, उद्या सेल आणून दिले तर चालतील का.

"आत्या, आता लोक डबे घेऊन येणार बगा माझ्याकडं," तो म्हणाला. "तुमी माझ्या गळ्यात लई मोठं लोढणं बांधलंव. तुमाला मी एवढा वाईट वाटलो व्हय?"

गुरुबाईंनी टेम्पोचा दांडा धरला, वर चढल्या, नीट बसल्या, आणि मग त्याच्याकडं बघितलं.

"वाईट न्हाईस तू. तुला द्यायचं तेवढं शिकवलं, घ्यायचं शिकवायचं ऱ्हाऊन गेलं, ते आज झालं. आता तुझ्या घरात गिरिजा हाय. हितनं कुणाचा डबा रिकामा परत गेला, तर मला दुबलगुंडीत कळंल."

मग त्यांनी दूधवाल्याला गाडी हलवायला सांगितलं आणि खिडकीतून तोंड काढलं.

"शेंगाचं पोतं घेऊन ठेव."